किंग बिस्किट ब्लूज फेस्टिव्हल: हेलेना गावची जत्रा आणि तिच्यामागचं पीठ

रेडिओवेडा
ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांच्या गाण्या-बजावण्याच्या, महोत्सवांचा विषय निघाला की गाडी शिकागोवर जाऊन थांबते. तो महोत्सव १९८४चा. त्याआधी १९७३ पासून सान फ्रान्सिस्कोत आणि १९७८ पासून मिसिसिपीतल्या ग्रीनव्हिलला असे महोत्सव होत होते. पण मला विचाराल तर इतिहास लिहावा असा महोत्सव आर्कान्सा राज्यातल्या हेलेना गावचा. मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठावर, क्रॉलीज रिज नावाच्या लांबलचक टेकडीच्या दक्षिण टोकाला हे गाव आहे. दर ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात इथे किंग बिस्किट ब्लूज फेस्टिव्हल भरतो. सुरुवात १९८६ची.

खरी सुरुवात मात्र ४५ वर्षं आधीची. २१ नोव्हेंबर १९४१ रोजी केएफएफए या तेव्हा नव्याकोऱ्या स्थानिक केंद्रावर 'किंग बिस्किट टाइम' नावाचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम सुरू झाला. हार्मोनिकावर सनी बॉय विल्यमसन, गिटारवर रॉबर्ट लॉकवुड ज्युनियर, बस. दोघं आधी केंद्रावर गेले, तर व्यवस्थापक सॅम अँडरसन म्हणाला, प्रायोजक आणा. त्यानेच त्यांना इंटरस्टेट ग्रोसर कंपनीच्या मॅक्स मूरकडे धाडलं. मूर पीठ विकायचा, ब्रँड 'किंग बिस्किट'. काळ्या गिऱ्हाइकापर्यंत पोचायला त्याला वाट हवी होती, ती मिळाली.

वेळ ठरली दुपारी सव्वाबाराची. शेतावरच्या आणि गिरण्यांतल्या मजुरांची जेवणाची सुट्टी तेव्हा असायची. नदीपलीकडे मिसिसिपी राज्यात शेतात काम करणारा पोरसवदा बी. बी. किंगही (पुढे ब्लूजचा नामांकित गिटारवादक) जेवणाच्या सुट्टीत हेच ऐकायचा.

वादकांचा खरा फायदा असा की, 'आज रात्री आम्ही अमुक गावी वाजवतोय' हे त्यांना रोज हवेवर सांगता यायचं. गावोगावच्या बैठकांची जाहिरात फुकटात. पीठ मूरचं खपायचं, तिकिटं यांची.

जाणकारांनी भर घालावी. चुकलं असेल तर कान धरा.

गवतीचहा
वाचतेय. एक बाळबोध प्रश्न: पीठवाल्याने बिस्किटांची जाहिरात कशाला करायची? बिस्किटं विकायचा का पीठ?

पाटावरची_पोळी
पीठच. अमेरिकेच्या दक्षिणेत बिस्किट म्हणजे आपण चहात बुडवतो ते नव्हे. मऊ, पापुद्र्याची, यीस्ट न घालता फुगवलेली छोटी पावासारखी वस्तू. सकाळी घरोघरी करायची, म्हणून पिठाचा खप रोजचा. आपल्याकडे गव्हाच्या आट्याची जाहिरात 'मऊसूत पोळी' दाखवूनच करतात ना, तसं.

साधं प्रमाण: २ कप मैदा, ३ चमचे बेकिंग पावडर, पाऊण चमचा मीठ (चमचा म्हणजे मापाचा ५ मिलीचा), ५-६ मोठे चमचे गारेगार चरबी किंवा लोणी, पाऊण ते एक कप ताक. त्यांचं ताक आपल्यापेक्षा दाट असतं, तेव्हा आपलं पातळ असेल तर कमी घाला. २३० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. दक्षिणेतला गहू मऊ, ८-९ टक्के प्रथिनांचा, म्हणून तिथलं बिस्किट ठिसूळ होतं. आपल्या पोळीच्या कणकेने केलं तर चिवट होणार.

बिघडतं ते दोन ठिकाणी. पोळीसारखं मळलं की संपलं, पीठ जेमतेम गोळा होईल इतकंच हलवायचं. आणि वाटीने कापताना वाटी फिरवायची नाही, सरळ खाली दाबून सरळ वर उचलायची. फिरवली की कडा चिकटून बंद होतात आणि बिस्किट एका बाजूला कलतं किंवा फुगतच नाही.

अवांतराबद्दल क्षमस्व, पण महोत्सवाच्या नावातच पीठ आहे म्हटल्यावर गप्प बसवेना.

रेडिओवेडा
पोळीताई, हे अवांतर नाहीच! कार्यक्रम इतका चालला की कंपनीने पुढे 'सनी बॉय कॉर्न मील' काढलं. पिशवीवर चित्र: मक्याच्या कणसावर बसलेला, हातात हार्मोनिका घेतलेला सनी बॉय. त्या काळी, त्या भागात, काळ्या वादकाचा चेहरा मालाच्या पिशवीवर छापून येणं ही साधी गोष्ट नव्हती.

कापूसकोंड्या
रेडिओवेडा भाऊ, सगळं खरं, पण 'त्या भागात' एवढ्यावर सोडू नका. हेलेना ही फिलिप्स काउंटीची मुख्य वस्ती. त्याच काउंटीत एलेन गावाजवळ ३० सप्टेंबर १९१९च्या रात्री हूप स्पर इथल्या चर्चमध्ये काळे वाटेकरी शेतकरी जमले होते. मागणी काय, तर कापसाचा रास्त भाव आणि मालकाकडून नीट हिशोब. तिथे गोळीबार झाला आणि पुढचे काही दिवस गोऱ्या जमावांनी काळ्यांची कत्तल केली. मृतांचा आकडा आजही वादात आहे, शेकड्यांत गेल्याचं अनेक अभ्यासक मानतात. फाशीची शिक्षा झाली ती मात्र १२ काळ्यांना. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, १९२३चा मूर विरुद्ध डेम्प्सी निकाल तो हाच (हा मूर वेगळा, पीठवाला नव्हे). पुढे ते बाराही जण सुटले.

म्हणजे १९४१मध्ये रेडिओ ऐकणाऱ्या घरांत एलेनची आठवण असलेली माणसं होती. रोज दुपारी पंधरा मिनिटं आपलीच माणसं, आपलं गाणं, आपल्या बोलीत. ते किती मोठं होतं हे यावरून कळतं.

आता वऱ्हाडच्या माणसाने एक धागा जोडायलाच हवा. ४ जुलै १८६३ला हेलेनात यादवी युद्धातली लढाई झाली, दक्षिणेचा हल्ला फसला. त्याच युद्धामुळे अमेरिकन कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, म्हणून वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत बँका, कंपन्या, बॅकबेचे शेअर यांचा धुमाकूळ झाला. १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबई बुडाली. डेल्टाचा (हेलेनाभोवतीच्या मिसिसिपीकाठच्या सपाट मुलखाचा) कापूस आणि आपला कापूस एकाच तराजूत होते.

पेटीवाला
संगीतावर या की मंडळी. सनी बॉय विल्यमसन दोन होते ना? कुठला कुठला ते एकदा स्पष्ट करा.

धानी
दोन होते. पहिला जॉन ली विल्यमसन, टेनेसीतल्या जॅक्सनचा. १९३७ पासून त्याच्या तबकड्या निघायला लागल्या, शिकागोत नाव झालं, १ जून १९४८ला तिथेच लुटारूंच्या हातून मेला. दुसरा हेलेनाच्या रेडिओवरचा, ज्याला राइस मिलर म्हणून ओळखायचे. पहिला हयात आणि प्रसिद्ध असतानाच याने रेडिओवर तेच नाव लावलं. गंमत म्हणजे वयाने हा मोठा. आज 'दुसरा सनी बॉय' म्हणतात तो हा.

त्याची पहिली ध्वनिमुद्रणं थेट १९५१ची, जॅक्सन, मिसिसिपीच्या ट्रम्पेट रेकॉर्ड्ससाठी. म्हणजे दहा वर्षं हा माणूस डेल्टातल्या घराघरात पोचला होता आणि त्याची एकही तबकडी बाजारात नव्हती! १९६३मध्ये अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हलच्या दौऱ्यातून युरोपला गेला, इंग्लंडमध्ये तरुण गोऱ्या पोरांबरोबर वाजवलं, मग हेलेनाला परतला आणि पुन्हा त्याच कार्यक्रमात बसला. २५ मे १९६५ला हेलेनातच गेला. कबर नदीपलीकडे टटवायलर गावाजवळ आहे.

वाजवण्याची पद्धत: हार्मोनिका दोन्ही हातांच्या ओंजळीत, ओंजळ उघडझाप करून 'वा-वा', आणि गाण्याच्याच मायक्रोफोनसमोर. शिकागोच्या लिटल वॉल्टर या हार्मोनिकावाल्यासारखा माइक हातात कोंबून अॅम्प्लिफायर फाडणारा आवाज हा त्याचा खाक्या नव्हे. कधी हात सोडून अख्खी हार्मोनिका तोंडात धरून वाजवायचा, ती गर्दीसाठीची करामत.

पेटीवाला
आता मूळ शंका. हार्मोनिका आणि आपली पेटी एकाच कुळातल्या, दोन्ही सुट्या पट्टीच्या. मग पेटीवर मींड निघत नाही आणि या दहा भोकांच्या खेळण्यावर निघते, हे कसं?

धानी
छान प्रश्न. पेटीत प्रत्येक स्वराची पट्टी आपापल्या खोलीत एकटी असते आणि भाता तुमच्या घशाला जोडलेला नसतो. दहा भोकांच्या हार्मोनिकात प्रत्येक भोकामागे दोन पट्ट्या असतात, एक फुंकल्यावर वाजणारी, एक ओढल्यावर. एकूण २०. श्वास ओढताना जीभ मागे-खाली नेऊन तोंडाची पोकळी मोठी केली की ओढीची पट्टी दबते आणि त्याच खोलीतली फुंकीची पट्टी डोलायला लागते. स्वर खाली घसरतो. किती घसरेल? फुंकीच्या स्वराच्या जेमतेम वरपर्यंत. दोन पट्ट्यांत अंतर जितकं जास्त तितकी मींड लांब.

सी सुराची हार्मोनिका घ्या. ब्लूजवाले ती सी सुरात वाजवत नाहीत, जी हा षड्ज धरतात. याला दुसरी पोझिशन म्हणतात. गिटार ई मध्ये असेल तर ए ची हार्मोनिका, हिशोब तोच. आता जी = सा धरून:

सा: २ ओढ (३ फुंकही तोच)
कोमल ग: ३ ओढ, अर्धा स्वर खाली वाकवून
म: ४ फुंक
तीव्र म: ४ ओढ, वाकवून
प: ४ ओढ, सरळ
कोमल नि: ५ ओढ, सरळ

सा, कोमल ग, म, प, कोमल नि हे तर धानी रागाचे स्वर झाले. त्यात जाताजाता लागणारा तीव्र मध्यम घातला की ब्लूजचा साचा तयार. शिवाय ३ ओढ न वाकवता शुद्ध गंधार देते आणि पूर्ण वाकवली तर कोमल ग, शुद्ध रे करत कोमल रे पर्यंत जाते. दोन गंधारांच्या मधली जी हेलकावणारी जागा आहे, तिथेच ब्लूज राहतो. जोग रागात दोन्ही गंधार आहेत, पण तिथे ते वेगवेगळ्या वाटेने येतात. इथे एकाच श्वासात.

नवशिक्याची नेहमीची तक्रार: '२ ओढ वाजतच नाही, वाद्य सदोष आहे.' शंभरातल्या नव्वद वेळा वाद्य ठीक असतं. घसा आवळून जोरात ओढलं की पट्टी गुदमरते. हळू, पोटातून, जांभई दिल्यासारखा घसा मोकळा ठेवून ओढा.

तिय्या
+१. पट्ट्यांबद्दल थोडी भर. रोज वाजवणाऱ्याच्या सहसा ४ आणि ५ ओढ आधी उतरतात, कारण सर्वात जास्त तिथेच वाकवावाकवी. पितळ थकतं आणि रिव्हेटजवळ केसाएवढी चीर पडते. स्वर उतरला असेल तर पट्टीच्या मोकळ्या टोकाकडे बारीक कानस हलकेच फिरवा, वजन कमी होऊन स्वर चढतो. चढला असेल तर रिव्हेटच्या बाजूला घासा, उतरतो. दोन-तीन घासांनंतर ट्यूनर बघायचाच. लावूनही दोन दिवसांत परत उतरली तर चीर आहे असं समजा आणि पट्टी बदला.

होनर कंपनीच्या जुन्या 'मरीन बँड' हार्मोनिकात आतली फणी लाकडाची. ओली झाली की दात फुगून बाहेर येतात आणि ओठ सोलतात. वाजवून झाल्यावर भोकं खाली करून तळहातावर आपटा आणि उघडी वाळू द्या. ओलीच डबीत घालू नका.

गवतीचहा
बाप रे. मला वाटलं होतं फुंकायचं नि ओढायचं. पण महोत्सव राहिला! १९६५ ते १९८६मध्ये काय झालं?

रेडिओवेडा
गाव उतरणीला लागलं. कापूस वेचायला यंत्रं आली, माणसं मेम्फिस-शिकागोला गेली. १९६१मध्ये नदीवर पूल झाला, पण त्यावरून लोक बाहेरच जास्त गेले. मुख्य रस्ता चेरी स्ट्रीट ओस पडला. अशा मध्यवस्तीत माणसं परत यावीत म्हणून गावातल्या मंडळींनी १९८६मध्ये हा महोत्सव काढला. 'सनी बॉय ब्लूज सोसायटी' नावाची स्थानिक संस्था यात पहिल्यापासूनची. सुरुवात एका दिवसाची, आता बुधवार ते शनिवार. खूप वर्षं सगळं मोफत होतं, पुढे मुख्य मंचाला तिकीट आलं. लहान मंच ठेवले आहेत, त्यातल्या एकाला लॉकवुडचं नाव आहे.

१९९०मध्ये तिथे डेल्टा कल्चरल सेंटर उघडलं. रेडिओचा कार्यक्रम आता तिथूनच होतो, काचेपलीकडे बसून बघता येतो.

गावाच्या लोकसंख्येची घसरण मात्र थांबली नाही. हेलेना आणि वेस्ट हेलेना २००६च्या १ जानेवारीला एकत्र झाली. २०१०च्या जनगणनेत जेमतेम १२ हजार, २०२०मध्ये १० हजारांच्याही खाली. जत्रेच्या चार दिवसांत भरलेला चेरी स्ट्रीट बघून फसू नये.

ध्वनिक्षेपक
जागेबद्दल लिहितो, कारण या महोत्सवाची निम्मी कमाई ती जागा आहे. गाव आणि नदी यांच्यामध्ये पुराचा मातीचा बंधारा आहे. मुख्य मंच बंधाऱ्याच्या पायथ्याशी, गावाच्या बाजूला, आणि लोक बंधाऱ्याच्या गवताळ उतारावर. आयतं प्रेक्षागृह! मागच्याला पुढच्याचं डोकं आडवं येत नाही आणि गवत असल्याने समोरून आवाज आदळून परत येत नाही.

अशा जागी तांत्रिक अडचणी ठरलेल्या. गर्दी लांबवर पसरली की मध्ये दुसरे स्पीकर लावावे लागतात आणि त्यांना उशीर द्यावा लागतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ४० मीटरला ११७ मिलिसेकंद. त्यात आणखी १०-१५ घालायचे, मग कानाला आवाज मंचावरूनच आल्यासारखा वाटतो. उशीर दिलाच नाही तर ड्रमचा प्रत्येक ठोका दोनदा. ऑक्टोबरात दुपारी ३० अंश आणि रात्री १२ असेल तर याच अंतराला ४ मिलिसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे तो १०-१५च्या आतच मुरतो. पण स्पीकर १०० मीटरवर असेल तर फरक १०च्या घरात जातो, तेव्हा संध्याकाळी पुन्हा मोजा. सूर्य बुडाल्यावर जमिनीलगतची हवा आधी गार होते आणि आवाज वर न जाता खाली वाकून लांब पोचतो, नदीकाठी तर फारच. दुपारी ठीक वाटलेला आवाज रात्री गावाच्या दुसऱ्या टोकाला तक्रार होते.

हार्मोनिकावाला स्वतःचा बुलेट माइक (ओंजळीत धरायचा) घेऊन आला तर मंचावरच्या मॉनिटरमध्ये (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) त्याचा आवाज जवळजवळ शून्य ठेवा. ओंजळीत माइक बंद झाला की मधल्या उंचीच्या स्वरांचा आवाज एकदम वाढतो आणि शिट्टी सुरू. त्याला त्याचा अॅम्प्लिफायरच ऐकू द्या, तो खुर्चीवर, कानाच्या उंचीला ठेवून.

प्रेक्षकांसाठी: बुटक्या पायांची खुर्ची न्या. उंच खुर्चीचे उताराकडचे पाय रुततात आणि माणूस पुढे घरंगळतो. तंबूचे खुंटे बंधाऱ्यात ठोकायचा मोह टाळा. मातीच्या बंधाऱ्यातलं प्रत्येक भोक पुराच्या पाण्याला वाट असते, मग तो मिसिसिपीचा असो की आपल्या पाझर तलावाचा.

पाटावरची_पोळी
मध्ये काही वर्षं याचं नाव वेगळंच होतं ना? 'आर्कान्सा ब्लूज अँड हेरिटेज फेस्टिव्हल' असं वाचल्यासारखं वाटतंय.

रेडिओवेडा
बरोबर. तोच महोत्सव. १९७३मध्ये 'किंग बिस्किट फ्लॉवर अवर' नावाचा रॉक मैफलींचा रेडिओ कार्यक्रम अमेरिकाभर सुरू झाला. नाव हेलेनाच्या कार्यक्रमावरूनच मारलेलं, फ्लॉर (पीठ) चं फ्लॉवर (फूल) करून. पुढे नावाचे हक्क त्या बाजूच्या कंपनीकडे आणि मूळ गावाला तेच नाव वापरायची चोरी! २००५ पासून महोत्सव सपक नावाने भरायला लागला. २०१०मध्ये, पंचविसाव्या वर्षी, जुनं नाव परत आलं. त्या वर्षी बी. बी. किंग मंचावर होता.

कापूसकोंड्या
म्हणजे ज्याच्या शेतात पिकलं त्यालाच दुकानातून विकत घ्यावं लागलं.

तिय्या
एक खोड काढतो. 'अमेरिकेतला सर्वात जास्त काळ चाललेला रोजचा रेडिओ कार्यक्रम' असं किंग बिस्किट टाइमबद्दल सगळीकडे छापतात. मे २०१४मध्ये १७,०००वा भाग झाला. नोव्हेंबर १९४१ पासून साडेबहात्तर वर्षं, आठवड्याला ५ म्हणजे वर्षाला २६०, एकूण १८,८५० व्हायला हवेत. १,८५० कमी, म्हणजे सात वर्षांचे भाग. ते गेले कुठे?

रेडिओवेडा
हिशोब चोख आहे. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात कार्यक्रम काही वर्षं बंद होता, १९८६ला परत सुरू झाला. महोत्सवही त्याच वर्षीचा. उरलेले भाग सणासुदीच्या सुट्ट्यांत गेले असं धरा. तेव्हा 'अखंड' म्हणू नये, 'भागांची संख्या' म्हणावं. निवेदक सनी पेन १९५१ पासून २०१८च्या फेब्रुवारीत जाईपर्यंत तोच, त्यामुळे अखंड वाटतो. आणि सुरुवातीची वर्षं जिवंत वादनाची होती, नंतर तबकड्या आल्या, हाही फरक लक्षात ठेवा.

धानी
वादकांत एक नाव राहिलं: पाइनटॉप पर्किन्स. तो मुळात गिटारवाला. हेलेनात एका नाचणारीने डाव्या हातावर सुरी चालवली, त्या दुखापतीने गिटार सुटली आणि तो पूर्णपणे पियानोकडे वळला. किंग बिस्किट टाइममध्ये पियानो, पुढे शिकागोचा ब्लूज गायक मडी वॉटर्स याच्या बँडमध्ये. आणि लेव्हॉन हेल्म, 'द बँड' या रॉक गटाचा ड्रमर. १९४०ला एलेनमध्ये जन्म, टर्की स्क्रॅच नावाच्या वस्तीत वाढला, हाच कार्यक्रम ऐकत. लॉकवुडचा जन्मही तिथलाच, १९१५चा.

गवतीचहा
जायचं झालं तर कसं जावं? आणि आपल्याकडे असलं काही?

ध्वनिक्षेपक
मेम्फिसला उतरा. तिथून दक्षिणेला साधारण ११५ किमी, मोटार भाड्याने घ्यावी, सार्वजनिक वाहनांच्या भरवशावर राहू नका. गावात खोल्या मोजक्या, बरेच जण पूल ओलांडून क्लार्क्सडेलला मुक्काम करतात, सुमारे ५० किमी. ६१ आणि ४९ या महामार्गांचा प्रसिद्ध चौक तिथेच.

मुंबईत २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज, पहिल्याच वर्षी गिटारवादक बडी गाय. बंदिस्त स्टुडिओ, तेव्हा उशिराच्या गणिताऐवजी भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाशी झुंज. शिलाँगचा सोलमेट हा बँड त्याआधी २००७ला मेम्फिसच्या इंटरनॅशनल ब्लूज चॅलेंज या स्पर्धेला जाऊन आलेला.

पेटीवाला
लॉकवुडबद्दल अजून सांगा. डेल्टातला नामी गिटारवाला रॉबर्ट जॉन्सन, त्याचा शिष्य ना तो?

धानी
हो. जॉन्सन त्याच्या आईबरोबर राहायचा, घरातच तालीम मिळाली. पण गुरूची नक्कल करत बसला नाही. त्याचा ओढा जॅझकडे, पुढे बारा तारांची गिटार धरली. हेलेनाच्या महोत्सवात म्हातारपणापर्यंत येत राहिला. २००६मध्ये क्लीव्हलँडला गेला, तारीख २१ नोव्हेंबर.

तिय्या
थांबा. कार्यक्रमाचा पहिला भाग २१ नोव्हेंबर १९४१.

धानी
हो. बरोबर पासष्ट वर्षं.